मांडणी

मोबाइलवरच्या फोटोस्पर्धेचा या वेळचा विषय होता ‘घरातल्या साध्या वस्तू’. यंदा नंबर काढायचाच, असं एकोडीच्या धनंजयने ठरवून टाकलं होतं. दुपारची उन्हं तिरपी झाली तशी त्याने अंगणात आधी तणशीची पेंढी पसरली. त्या पिवळ्या रंगावर काहीतरी आडवं हवं, म्हणून कुंपणासाठी तोडून आणलेले दोन हिरवे बांबू ठेवले. एक कोपरा ओका दिसत होता, तिथे नवं मडकं बसवलं. मग पांढरं कोरं कापड अर्धवट अंथरलं. सुतळीचा गुंडा तर आपसूकच हातात आला. चौकट अशी काही जमली की तो स्वतःवरच खूश झाला.

मागे चपला काढल्याचा आवाज आला. शेजारचे भैय्यालालकाका फाटकाबाहेर अनवाणी उभे होते. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी हातात घेतला होता.

“कवा गेले रे बाबूजी?”

धनंजयने वळून अंगणाकडे पाहिलं. तिरडीचं सारं सामान त्याने स्वतःच्या हातांनी मांडून ठेवलं होतं.

“नाही ना काका! बाबूजी आहेत. आतमध्ये झोपून आहेत.”

त्याचे वडील गेल्या आठ महिन्यांत खाटेवरून उठले नव्हते, आणि त्यांच्या खोलीला अंगणाकडे एकही खिडकी नव्हती. तिथूनच त्यांचा शांत आवाज आला.

“धनू, बांबू आखूड पडतीन रे. मी उंच आहो.”