दिपालीची केबिन

"बर्फावर घसरून काय मिळतंय गं? हापिसात स्वतंत्र केबिन मिळव, मग तू खरी," असं दिपालीचे वडील, आप्पा, कायम म्हणायचे. ही शेवटची स्पर्धा, मग स्केट माळ्यावर टाकायचे, असंही त्यांनी बजावलं होतं.

महिला आइस हॉकीची खालच्या गटातली ती स्पर्धा परदेशात होती. इकडं गावात, कोगनोळीत, सगळं घर मोबाईलला डोळे लावून बसलं होतं. बाकीच्या पोरी बर्फावर धडपडत होत्या आणि दिपाली एकटीच काचेच्या केबिनमध्ये बसली होती. दार उघडायलासुद्धा एक माणूस ठेवलेला.

"अगं, केबिन मिळाली की आपल्या पोरीला!" आप्पा बायकोकडं बघत ओरडले.

आठवड्यानं दिपाली परतली, तर नाक्यावर तिचाच भला मोठा फ्लेक्स. 'परदेशात स्वतंत्र केबिन मिळवणारी गावची पहिली कन्या! हार्दिक अभिनंदन!' खाली हार घेऊन आप्पा उभे.

"आता खेळ सोडायचा न्हाय, सांगून ठेवतो!"



समोरच्या पोरीला आडवं पाडलं म्हणून पंचांनी शिक्षा देऊन त्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं होतं, हे सांगायला दिपालीनं तोंड उघडलं, पण मग हारासाठी मान पुढं केली.