इंजिनाची पूजा

निफाडजवळच्या आमच्या मळ्याचा रस्ता म्हणजे गुडघाभर चिखल. माझ्या बायकोचे, भाग्यश्रीचे दिवस भरत आले, म्हणून मी जुनी फोर बाय फोर जीप घेतली. जीप दमदार, पण गॅरेजातून नीट होऊन आली की दुसऱ्या दिवशी बंद. असं तीनदा झालं.

चौथ्यांदा मेकॅनिक वैतागला. "भाऊ, वायरिंगमध्ये नारळाचं पाणी कुठून येतंय?"

काय सांगणार? गाडी घरी आली की आई बोनेट उघडते, इंजिनाला हळदीकुंकू लावते आणि नारळ फोडून पाणी वर ओतते. घरी येऊन मी तिच्यासमोर हातच जोडले. "आई, इंजिनावर नारळाचं पाणी नको गं."

"बरं बाबा, नाय घालत." इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी भाग्यश्रीला कळा सुरू झाल्या. तिला धरून जीपमध्ये बसवलं, चावी फिरवली. नुसती टकटक. पुन्हा फिरवली, पुन्हा टकटक.

खिडकीशी आई उभी होती, हातात रिकामा तांब्या.



"घाबरू नको रे. नारळ नाय घातला. रामकुंडाचं तीर्थ घातलंय, चांगलं तांब्याभर."