तीन दिवस, तीन गळत्या

"हा खटारा आपल्याला कुठंही नेईल, नोलीन. फक्त त्याला घाई करायची नाही," असं मर्व्ह म्हणाला होता, तीस वर्षांपूर्वी, ही जुनी कॅरव्हॅन, गाडीमागं ओढायचं हे चाकांवरचं घर, घेताना. आता सत्तरीतला तोच मर्व्ह पर्थच्या वाटेवरच्या सेडूना गावात, कॅरव्हॅन पार्कात तिच्याखाली उताणा पडून शिव्या हासडत होता. पर्थला लेकीनं परसात आईबापांसाठी छानशी खोली बांधून ठेवली होती. तिथं पोचलं की कॅरव्हॅन विकून टाकायची, असं ठरलं होतं. पण सोमवारपासून रोज सकाळी निघायच्या वेळेला पाण्याचा पंप घरघरायचा आणि पाइपाचा एखादा नवाच सांधा गळायला लागायचा.

पार्काच्या रिवाजाप्रमाणं शेजारचे म्हातारे खुर्च्या आणि बिअर घेऊन सल्ला द्यायला जमले होते.

"मर्व्ह, अरे कॅरव्हॅन आहे की चाळणी?" कीथ खिदळला.

"अकलेचे तारे नंतर तोड, आधी टॉर्च नीट धर!" मर्व्ह खालून ओरडला.

मंडळी जेवायला पांगली, तसा तो बाहेर आला. दाढीत चिखल, कोपराला खरचटलेलं. ते बघून नोलीनला राहवेना.

"मर्व्ह, रागावू नकोस. सोमवारी सिंकखालचा सांधा मीच सैल केला होता. मला नाही जायचं रे त्या खोलीत."

मर्व्हनं पान्हा खाली ठेवला. कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"कालचा आणि आजचा मी केला."