सरकता दरवाजा

"नीट धर, सोडू नकोस," म्हणत दिवाकररावांनी बाहेरून खिडकीतल्या एसीचा शेवटचा स्क्रू आवळला. गाडीमागे जोडून फिरायला न्यायचं हे चाकांवरचं घर त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने बांधलं होतं. चंद्रपूरचा मे महिना. गारवा वाया जाऊ नये म्हणून दार आधीच लावून घेतलेलं. आतून एसी धरून उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शशिकलाबाईंनी बटण दाबलं आणि समाधानाचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

घाम पुसत दिवाकरराव आत जायला निघाले. सरकता दरवाजा चार बोटं सरकला आणि एसीच्या बाहेर आलेल्या पाठीला अडकला. महिनाभर त्यांनी इंच न् इंच मोजला होता. दार सरकून खिडकीवरच येतं, तेवढं राहून गेलं होतं.

"शशे, घाबरू नकोस. आत्ता काढतो एसी."

फटीतून गार झुळकीबरोबर आवाज आला, "काही घाई नाही. आज वन्सं येताहेत ना, सगळ्यांना घेऊन?"

"हो, म्हणून तर..."

"कणीक मोठ्या डब्यात आहे. माझ्या दोन पोळ्या गुंडाळून द्या, फटीतून येतील."