शेंगा सोलणारी बाई

बायको कुमुद वारली, त्या दिवसापासून नीलकंठराव स्वप्नं दाखवणारी टोपी घालून झोपू लागले. टोपीत स्वप्नं रंगवणारं प्लगइन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम, कुमुदनेच लिहिलं होतं, कुणीही सुधारावं म्हणून खुलं ठेवलं होतं. रोज स्वप्नात ती शेंगा सोलत बसलेली दिसे.

महिन्याभराने तिची सहकारी रेश्मा म्हणाली, “काका, काकूंनी चाचणीसाठी स्वतःलाच त्यात घातलं होतं, ते काढायचं राहिलं. जगभर टोपी घालणाऱ्या सगळ्यांच्या स्वप्नात त्या येतात. ‘जेवलास का?’ विचारतात. लोक वैतागलेत.”

“मग जेवा म्हणावं!”

नीलकंठरावांना वाटलं होतं, ती आपल्याकडेच येते.

“मी दुरुस्त करू?”

“नको. तिच्या कोडला मीच हात लावीन.”

नीलकंठराव कोड लिहायला शिकले. दुरुस्ती चार ओळींची निघाली. ती लिहून आठवडा झाला. पाठवायची अजून राहिली आहे.