अजून कुणी वापरतंय का?

फ्रेमवर्क बंद करत असल्याची सूचना उल्कानं लिहून ठेवली होती. फक्त पाठवायची बाकी. वेबसाइटी बांधायचं हे फ्रेमवर्क, म्हणजे जावा या संगणकभाषेतला तयार सांगाडा, तिनं ऐन तारुण्यात रचून सगळ्यांना मोफत दिलं होतं. आता एकटीच ते जावाच्या नव्या आवृत्तीवर आणत होती. "अजून कुणी वापरतंय का?" असं तिनं फ्रेमवर्कच्या पानावर विचारलं, तर चिटपाखरूही बोललं नव्हतं.

परवा तिनं त्यातला तारखांचा जुनाट भाग कुणाला लागत नसेल म्हणून काढून टाकला. आज सकाळी तक्रारींची रीघ लागली. भुसावळच्या ग्रंथालयात पुस्तकं परत घेता येईनात, चंदगडच्या डेअरीत दुधाची नोंद होईना.

"शिव्या खाऊन हसतेस काय?" चहा ठेवत नवरा म्हणाला.

"अरे, पलीकडे माणसं आहेत," ती डोळे पुसत म्हणाली.

"इतके दिवस गप्प का होतात?" तिनं डेअरीच्या संगणकवाल्याला लिहिलं.

"ताई, सगळं बिनबोभाट चालत होतं. काय बोलायचं?" त्याचं उत्तर आलं. "पण तो भाग मी नव्यानं लिहून पाठवलाय. चुकलं तर कान धरा."

त्यात एक चूक होती. तिचीच, जुनी, त्यानं इमानानं उतरवलेली. बंद करायची सूचना पुसून ती त्याला समजावत बसली.