खलबत्त्यातला विडा

औशातल्या त्या घरी अंगणातल्या शेवग्यावर नागवेल चढली होती, आणि दात पडल्यापासून लक्ष्मम्मांना तिच्या पानांचा विडा कुटूनच लागायचा. रोज जेवणं उरकली की पानात कात, चुना, बडीशेप, खोबरं, लवंग घालून कुटत बसायचं काम सून अक्षराचं. बत्ता हाणताना तिच्या मनात काय काय यायचं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"माहूरच्या देवीलाबी कुटलेलाच विडा लागतो," सासूबाई वरून ऐकवायच्या.

चार वर्षांत अक्षराचा खांदा पार धरला, तेव्हा तिनं नवऱ्यापाशी धोशाच लावला. राजशेखरनं आईला घेऊन लातूरला सहा हेलपाटे घातले, आणि एकदाची लक्ष्मम्मांच्या तोंडात पांढरीशुभ्र कवळी बसली. अक्षरानं त्याच दिवशी खलबत्ता घासूनपुसून, फडक्यात बांधून माळ्यावर टाकला.

जेवणं झाल्यावर तिनं हौसेनं कोवळी पानं खुडली, अख्खा विडा बांधला, वर लवंग टोचली आणि हसत पुढं केला.

"घ्या आत्या, आता मस्त चावून खा."

लक्ष्मम्मांनी विडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग सावकाश कवळी काढली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली.

 

"नवी कोरी हाय गं, लालभडक होईल की! जा, खलबत्ता काढ."